सोनो मामांचं पूर्ण नाव

मला धक्का पटकन बसतो. माझा नवरा शिरीष म्हणतो, "हिला दूध उतू गेलं तरी धक्का बसतो आणि नाही गेलं तरी बसतो." शिकागोजवळच्या शॉमबर्गला राहायला आल्यावर पहिलं वर्षभर तर मी रोज एकदा तरी छातीवर हात ठेवायची. शेजारीण स्वतःच्या आईला नावानं हाक मारते, याचा धक्का. लेकीच्या शाळेत बाई शिकवत असताना मुलं खुशाल सफरचंद खात बसतात, याचा धक्का. त्या सगळ्यांची मला आता गंमत वाटते. सोनो मामांनी दिलेल्या धक्क्यांची वाटत नाही. ते जिथे बसले तिथेच अजून आहेत.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दोन हजार तीनच्या संक्रांतीला. मराठी मंडळानं एका शाळेचा हॉल घेतला होता. बाहेर ढोपरभर बर्फ, आणि त्या बर्फात पिवळं चमकतं जाकीट घातलेला एक किडकिडीत माणूस हातवारे करून गाड्या लावून देत होता. मला वाटलं, शाळेचाच कुणी माणूस असेल. काच खाली करून मी माझ्या त्या वेळच्या इंग्रजीत विचारलं, की कार्यक्रमाचं दार कुठलं. तो म्हणाला, "डावीकडचं. आणि वहिनी, तिळगूळ संपत आलाय, आधी तिकडे जा." मी गाडीतच चाट पडले.

चाळिशी ओलांडलेली, मिशी बारीक कातरलेली, शर्टाला कडक इस्त्री, खिशाला पेन. हसताना आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. एका इन्शुरन्स कंपनीत ते सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचे, आणि ती खोड घरीही सुटलेली नव्हती. काहीही हातात दिलं की आधी उलटं करून खालून बघणार. बशी, खेळणं, लग्नपत्रिका, एकदा तर कुणाचं तरी तान्हं बाळ. "हे कुणी टेस्ट केलंय का?" हा प्रश्न ते कशालाही लावायचे. मी एकदा मटारच्या करंज्या पुढे केल्या, तर एक तोंडात घालून गंभीरपणे म्हणाले, "हरकत नाही वहिनी, प्रॉडक्शनला पाठवा."

'सोनो' हे त्यांच्या ऑफिसचं कर्तृत्व. तिथल्या कुणाला आडनाव उच्चारता येईना, म्हणून मॅनेजरनं पहिल्याच आठवड्यात शेपूट छाटून टाकलं आणि टेबलावरच्या पाटीवर आलं 'भास्कर सोनो'. तेच मंडळाच्या यादीत गेलं, तेच इमेलमध्ये. मुलांनी त्याला मामा जोडला. लग्न न केलेला, एकटा राहणारा, पोरांना खांद्यावर घेणारा माणूस, त्याला दुसरं म्हणणार तरी काय?

पण आपल्या लोकांत ओळख म्हणजे तीन प्रश्न असतात. आडनाव काय, मूळचे कुठले, आणि तिसरा, जो कुणी तोंडानं विचारत नाही, पहिल्या दोनांतूनच काढतो. मी पहिले दोन पहिल्याच दिवशी विचारले.

"सोनो म्हणजे पूर्ण काय हो?"

"पूर्ण म्हणजे अमेरिकेला झेपत नाही ते."

"मूळचे कुठले?"

"चाळीसगावच्या पुढचे."

"म्हणजे कुठले?"

"म्हणजे पाचोऱ्याच्या अलीकडचे."

खांदे हलले, आणि ते कुणाची तरी गाडी काढून द्यायला निघून गेले. मी मनात सोनाळकर धरलं. शिरीषनं सोनवलकर धरलं. दामले काकूंनी, ज्या मंडळात सगळ्यांत जुन्या आणि म्हणून सगळ्यांच्याच काकू, त्यांनी सोनपाटकी ठरवून टाकलं आणि विषय मिटला. तिघांनीही अंदाज आपापल्या घरासारखेच बांधले होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

त्यांच्या सवयींचं मला फार कौतुक. आमच्याकडे चहा झाला की कप स्वतः विसळून पालथा घालणार. मी "असू दे हो, डिशवॉशर आहे" म्हणेपर्यंत काम झालेलं. कपापुरते तेवढे आत, की पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात. तिथे उभे राहून तासभर गप्पा मारतील, पण आत येऊन खुर्ची ओढून बसणार नाहीत. मी शिरीषला ऐकवायची, "बघ, याला वळण म्हणतात." गणपतीत मखर बांधायला, टेबलं उचलायला सगळ्यांच्या आधी हजर, पण आरतीची घंटा वाजली की मामा गायब. "पार्किंग बघतो," म्हणायचे. आरतीच्या वेळी पार्किंगमध्ये बघण्यासारखं काय असतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. देवाचं वावडं असेल, काही इंजिनिअरांना असतं, असं म्हणून मोकळे झालो.

मामा ही पदवी खरी झाली ती एका लग्नात. हॉटेलचा हॉल, फुलांचा मांडव, सगळं जय्यत. मुलीच्या सख्ख्या मामाला व्हिसा मिळाला नव्हता, आणि त्याच्या जागी कुणी उभं करायचं हे गडबडीत राहूनच गेलं. आमचे गुरुजी, जे सोमवार ते शुक्रवार नेटवर्क इंजिनिअर असतात, माइकवरून म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं." कुणी उठेना. मुहूर्ताला तीन मिनिटं राहिलेली. तेवढ्यात कुणा पोरीनं सांगितलं, "सोनो मामा आहेत ना," आणि दारात पिवळ्या जाकिटात उभ्या असलेल्या त्यांना चारचौघांनी पुढे ढकललं. त्यांनी जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं, मुलीच्या कोपराला हात लावला आणि इतकं जपून, इतकं सावकाश तिला घेऊन आले की इतका वेळ रडणारी मुलीची आई बघत राहिली. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते तिच्या मागे ताठ उभे होते आणि त्यांचे गाल ओले होते.

तेव्हापासून शिकागोच्या आसपास ज्या मुलीचा मामा येऊ शकत नाही तिला सोनो मामा, हे ठरून गेलं. तीन वर्षांत पाच लग्नं. कधी निघायचं, कुठे थांबायचं, अंतरपाट धरणाऱ्यांना कधी खूण करायची, सगळं तोंडपाठ. पाचव्या लग्नात तर गुरुजीच मधे अडकले की त्यांच्याकडे बघायला लागले.

आता एका गाण्याकडे येते. आमची सई तेव्हा तेरा वर्षांची. तिची वर्गातली मैत्रीण एमी, आईवडील जपानचे. दोघी एकाच बाईंकडे पियानो शिकायच्या. एमीनं तिला एक सीडी दिली. एका शनिवारी मी वर कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि खाली बेसमेंटमधून पियानोबरोबर दोघींचा खड्या सुरातला आवाज आला, "सोनो मामा दे... सोनो मामा दे..."

घड्या तिथेच टाकून मी खाली धावले. मोठ्या माणसाची टिंगल, तीही पियानोवर, तीही इतकी सुरात.

"लाज नाही वाटत? मामांवर गाणी करता?"

दोघी अक्षरशः जमिनीवर लोळल्या. "आई, इट्स नॉट अबाउट हिम," सई म्हणाली. "इट्स जॅपनीज."

तिनं सीडी लावून दाखवली. आधी नुसता पियानो, सुटा सुटा, कुणीतरी घाबरत घाबरत दार वाजवावं तसा. मग एका मुलीचा कोवळा आवाज. वर जाताना तो चिरकायचा, आणि ती तो खुशाल चिरकू द्यायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं तरी मी जिन्याच्या पायरीवरच बसले. आणि दर कडव्याच्या शेवटी, आपल्या भाषेत असावं इतकं स्वच्छ: सोनो मामा दे. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मामा आमचा कॉम्प्युटर बघायला आले, तेव्हा मुलींनी त्यांना धरून खाली नेलं. त्यांनी गाणं तीनदा ऐकलं.

"माझं नाव जपानपर्यंत गेलं, वहिनी," ते म्हणाले. "कुणी टेस्टसुद्धा केलं नाही."

मग त्यांनी त्या गाण्याची गोष्टच रचली. "ही भाची आहे. मामाकडे काहीतरी मागतेय. 'दे' म्हणतेय, ऐकू येतंय ना? मामा देत नाहीये, म्हणून हिचा आवाज असा."

"व्हॉट डझ शी वाँट?" सईनं विचारलं.

"ते काही कळत नाही. पण मामाकडे आहे ते. उगाच लपवून बसलाय."

हे ते गमतीत म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. खरा अर्थ मुलींना सांगता येईना, कारण एमीचं जपानी आमच्या सईच्या मराठीएवढंच होतं. मामांनी सीडीची कॉपी करून घेतली, आणि पुढे आठ महिने त्यांच्या जुन्या करड्या गाडीत बसलं की तेच. सिग्नलला थांबले की ते स्टिअरिंगवर पियानो वाजवायचे आणि भसाड्या आवाजात "सोनो मामा दे" म्हणायचे.

मे महिन्यात पियानोच्या बाईंनी लायब्ररीच्या हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम ठेवला. सई तेच गाणं वाजवणार होती आणि एमी गाणार होती. मामा पहिल्या रांगेत, इस्त्री नेहमीपेक्षा कडक. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी एमीच्या आईला गाठलं. ती बारीक चणीची, हळू बोलणारी बाई. हे इंग्रजीत म्हणाले, "मी सोनो मामा." ती गोंधळून हसली. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं: मामा म्हणजे अंकल, दे म्हणजे गिव्ह. आणि विचारलं, की या गाण्यातला मामा आहे कोण.

"नो अंकल," ती म्हणाली.

"नो अंकल?"

ती शब्द जुळवत सांगत गेली. सोनो मामा म्हणजे 'आहे तसं'. 'सोनो मामा दे ई' म्हणजे 'आहेस तशीच राहा, चालेल'. गाण्यातली मुलगी हसताना दात झाकून घेते, फोटोत सगळ्यांच्या मागे उभी राहते, कुणी नाव विचारलं तर पुटपुटते. आणि शेवटी स्वतःलाच म्हणते, की आहेस तशी चालेल.

मामांचे खांदे हलले नाहीत. "चालेल म्हणजे कुणाला चालेल?" असं त्यांनी विचारलं. "ओके फॉर हूम?"

तिनं खरंच विचार केला. "गाणाऱ्या व्यक्तीला, मला वाटतं. इतर सगळ्यांच्या आधी."

त्यांच्या हातात ज्यूसचा कागदी कप होता. सवयीनं त्यांनी तो उलटा करून खाली बघितलं, आणि सगळा ज्यूस त्या कडक इस्त्रीच्या पँटवर सांडला. तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. काही न खाता ते निघून गेले. मी शिरीषला विचारलं, "यांना काय झालं?" तो म्हणाला, "जपानमधलं नाव गेलं ना." आम्ही हसलो. आज ते हसणं आठवलं की मला माझाच राग येतो.

त्याच उन्हाळ्यात दामले काकूंच्या केतकीचं लग्न ठरलं. केतकी इथेच जन्मलेली. सोनो मामांनी तिला रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी चालवायला शिकवलेली, नोकरीचे अर्ज भरताना तिच्याबरोबर बसलेले. तिचे पुण्याचे मामा बायपासमुळे विमानात बसू शकत नव्हते. तिनं आईला सांगून टाकलं, "सोनो मामा. फायनल." काकूंना पत्रिका पुण्याला, अस्सल मराठीत छापून हवी होती, आणि त्यात मुलीच्या मामांचं नाव रीतसर हवं होतं. त्या मला म्हणाल्या, "तुमच्याकडे येतात ते. पूर्ण नाव तेवढं विचारून घे गं."

मी फोन केला.  ते म्हणाले, "दोन दिवस द्या, वहिनी." स्वतःचं नाव सांगायला दोन दिवस कुणाला लागतात? मला नवल वाटलं, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी ते आले. अर्धा चहा झाल्यावर खिशातून चौघडी केलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: भास्कर तुकाराम सोनवणे.

"सोनवणे पुष्कळांत असतात," ते म्हणाले, "म्हणून पुढचंही सांगतो. आम्ही बौद्ध. हे आधी दामल्यांना सांगा, मग छापायला द्या."

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हणाले. लगेच म्हणाले, अगदी प्रसन्नपणे. आणि ते म्हणत असतानाच माझी नजर त्यांच्या हातातल्या कपाकडे गेली.

मी ती पाठवली नव्हती. ती गेली. लहानपणी आमच्या सांगलीच्या घरी मागच्या खिडकीत एक कानतुटका कप असायचा. तो कुणासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत तो मला एकदाही आठवला नव्हता. शॉमबर्गच्या माझ्या स्वयंपाकघरात तो आठवला.  समोरचा माणूस दुसऱ्यांच्या चुका हेरून पोट भरणारा. त्यानं माझी नजर पाहिली नसेल, असं मी स्वतःला फार काळ सांगू शकले नाही.

त्यांनी मात्र काही दाखवलं नाही. शांतपणे म्हणाले, "आमच्यात अंतरपाट नसतो, वहिनी. मामानं मुलीला आणणं वगैरेही नसतं. त्या पहिल्या लग्नानंतर मी तिघांकडून लग्नाच्या कॅसेटी मागून आणल्या. रिवाइंड करून करून बघितलं, कुठे थांबतात, हात कसा धरतात. चूक झाली तर कळेल म्हणून."

"मग आत्ताच का सांगताय?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न होता.

"आठ महिने ते गाणं मी चुकीचं ऐकत होतो ना. मला वाटलं, ती काहीतरी मागतेय. ती सांगत होती." मग म्हणाले, "लोकांच्या कामातले बग शोधतो मी. आणि माझ्या नावातला बग मीच पाटीवर लावून बसलो होतो."

चहा संपवून ते कप विसळायला उठले. साडेतीन वर्षं मी दर वेळी म्हणत आले होते, "असू दे हो." त्या दिवशी मला ते म्हणायला सुचलं नाही. त्यांनी कप धुतला, पालथा घातला आणि गेले.

दामले काकूंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "मला काहीच नाही गं," त्या म्हणाल्या. "पण सासूबाई येतायत पुण्याहून. ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना नाही झेपायचं या वयात." मग त्यांना कल्पना सुचली. "आपण पत्रिकेत नुसतं 'सोनो मामा' छापू. मुलांना गंमत वाटेल, त्यांचाही मान राहील, प्रश्नच मिटला. तू सांग त्यांना, तुझं ऐकतात."

आणि मी गेले सांगायला. साडेतीन वर्षांत आमच्यापैकी कुणी त्यांच्या घरी गेलेलंच नव्हतं, हे मला त्यांच्या दाराशी उभी राहिल्यावर कळलं. दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं, आणि समोर निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या त्या माणसाचा मोठा फोटो, जो महाराष्ट्रात ओळखू येणार नाही असं कुणी नाही. खाली गालिच्यावर खिळा ठोकताना पडलेला भिंतीचा पांढरा चुरा तसाच होता. म्हणजे फोटो नुकताच लागला होता.

मी काकूंची कल्पना सांगितली. शक्य तितक्या गोड आवाजात सांगितली.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "पूर्ण नाव छापा, नाहीतर छापू नका."

"केतकीला वाईट वाटेल हो."

"मलाही वाटेल."

"मग?"

"मग काही नाही. पार्किंगला मी येईन. ते कबूल केलंय मी."

पत्रिका मामांशिवाय छापून आली. केतकीला सांगितलं, की सोनो मामांना त्या दिवशी काम निघालंय. मामा म्हणून उभं राहायला काकूंनी शिरीषला विचारलं, आणि शिरीष हो म्हणाला. त्याला झालेलं सगळं ठाऊक होतं. मी त्याच्याशी भांडायला हवं होतं. मी त्याच्या कुडत्याला इस्त्री केली.

लग्नाच्या दिवशी सप्टेंबरचं स्वच्छ ऊन होतं. गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." शिरीष हॉलच्या दारापाशी गेला. पिवळी साडी, मुंडावळ्या, केतकी त्याच्याकडे बघतच राहिली.

"शिरीष काका? सोनो मामा कुठेयत? आय जस्ट सॉ हिम आउटसाइड."

"अगं, ते बिझी आहेत," काकू म्हणाल्या.

"ही इज पार्किंग कार्स, आई."

काकू तिच्या मुंडावळ्या सारख्या करायला लागल्या. केतकीच्या मागे करवली म्हणून आमची सई उभी होती, हातात दिवा घेऊन. जी मला कायम इंग्रजीत उत्तरं देते, ती सई मराठीत म्हणाली, "त्यांचं आडनाव पत्रिकेत चाललं नाही म्हणून." आवाज फार मोठा नव्हता. पण पाहुण्यांच्या स्वागताचा दुसरा माइक दाराशीच होता आणि तो चालू होता.

तीनशे माना दाराकडे वळल्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी. फोनवरचं माझं बोलणं पोरीनं ऐकलं होतं, आणि मी समजत होते की तिला मराठी नीट कळत नाही.

केतकी वळली आणि साडी सावरत सरळ बाहेर गेली. हॉटेलच्या काचेतून आम्हाला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. तिनं त्यांची बाही धरली. ते बोलत होते, ती मान हलवत होती. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती एकटीच परत आली. आईच्या समोर उभी राहून म्हणाली, "ही सेड, पत्रिकेत नाही, तर मांडवात नाही." आणि मग कुणाचाही हात न धरता ती मांडवात चालत गेली. शिरीष भिंतीपाशी उभा होता. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

लग्न लागलं. जेवणं सुरू झाली. केतकीच्या आजींना, म्हणजे काकूंच्या त्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना, कमी ऐकू यायचं. मघाचं त्यांच्या कानावर पडलेलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "मुलगी एकटी का आली? मामा कुठे होता?" काकूंनी कानाशी लागून सांगितलं. आजींना कळेना. काकूंना ते जरा मोठ्यानं, आणि मग बरंच मोठ्यानं सांगावं लागलं. आसपासच्या टेबलांवरच्या माना पुन्हा वळल्या.

"मग आणायचं की त्यांना आत," आजी म्हणाल्या. "नको कोण म्हणालं?"

काकूंनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

"मला कुणी विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. कुणीच विचारलं नव्हतं. काकू, शिरीष आणि मी, आम्ही तिघं शिकली-सवरलेली माणसं एका म्हातारीच्या पदराआड लपलो होतो, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.  मी पान तसंच ठेवून बाहेर गेले.

पुढच्याच महिन्यात मामा नोकरी बदलून दूर दक्षिणेत अल्फारेटाला गेले, त्यामुळे त्या दिवशी मी त्यांना पाहिलं ते शेवटचंच. ते गाडीत बसून निघण्याच्या बेतात होते. मी काचेशी वाकले. माफी मागायची म्हणून आले होते, पण तोंडातून निघालं ते, "जेवायला चला."

"कोण बोलावतंय?"

"मी."

"मी म्हणजे कोण? इतकी वर्षं मी तुम्हाला वहिनी म्हणतोय. तुमचं पूर्ण नाव कधी तुमच्या तोंडून ऐकलं नाही."

"अनुराधा शिरीष पटवर्धन," मी म्हणाले. कुठल्याही खिडकीवर, कुठल्याही दारात आजवर सांगत आले तसं, एका दमात.

त्यांनी मान हलवली. आवाजात राग नव्हता.

"बघा," ते म्हणाले. "तुम्हाला एक सेकंद लागला. मला सत्तेचाळीस वर्षं लागली."

मग त्यांनी काच वर केली आणि गाडी मागे घेतली.